डाव्या हातातली बाटली

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पणजीतील मिरामारच्या किनाऱ्यावर आयर्नमन ७०.३ गोवा ही स्पर्धा झाली, तेव्हा मी पहिल्यांदा तिच्यात उतरले. १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे या तिन्ही भागांसाठी माझ्याकडे वर्षभराची तीन वेगवेगळी वेळापत्रके होती. खाण्यापिण्यासाठी मात्र साधी चिठ्ठीसुद्धा नव्हती. सायकलच्या दांडीवर चिकटपट्टीने चिकटवलेली जेलची, म्हणजे पिळून खायच्या घट्ट गोड पाकाची, चार पाकिटे, दोन बाटल्या, आणि तहान लागली की प्यायचे, भूक लागली की खायचे, एवढेच माझे धोरण. मी कोल्हापुरात एका बँकेत काम करते, दिवसभर दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढते, आणि स्वतःच्या पोटाचा हिशेब मात्र मी मांडलाच नव्हता.

त्या दिवशी काय घडले ते क्रमाने सांगते. समुद्रात लाटेबरोबर दोन-तीन घोट खारे पाणी पोटात गेले होते, त्यामुळे सायकलवर बसले तेव्हाच तोंड कोरडे पडलेले आणि पोट ढवळलेले होते. दोन्ही बाटल्यांत मी ऊर्जापेयाची पावडर नेहमीच्या दुप्पट घातली होती. जास्त पावडर म्हणजे जास्त ताकद, असे साधे त्रैराशिक मी मांडले होते. तहान खूप असल्यामुळे पहिल्या तासातच मी एक बाटली जवळजवळ संपवली आणि वर दोन जेलही घेतली. नंतर घरी बसून हिशेब केला तेव्हा लक्षात आले, की त्या एका तासात अर्ध्या लिटरहून थोड्या जास्त द्रवाबरोबर मी सुमारे ११० ग्रॅम साखर पोटात ढकलली होती आणि साधे पाणी एक थेंबही प्यायले नव्हते. इतके दाट मिश्रण जठरातून पुढे सरकायला वेळ लागतो, आणि आतड्यात पोचल्यावर ते उलट शरीरातलेच पाणी आत ओढून घेते. पोट डमरूसारखे फुगले आणि तहान मात्र जशीच्या तशी राहिली.

थोड्या वेळाने रस्त्यावरच्या एका उंचवट्यावर सायकल उडाली आणि खोगिराच्या मागच्या केजमधली, म्हणजे बाटली अडकवायच्या चौकटीतली, दुसरी बाटली निघून रस्त्याकडेला गेली. मागून स्पर्धक येत होते, त्यामुळे थांबण्याचे धाडस झाले नाही. पुढचे एड स्टेशन, म्हणजे वाटेत पाणी देणारे केंद्र, दिसल्यावर मी वेग कमी न करताच उजवा हात पुढे केला. आपल्याकडे रस्त्याची डावी बाजू आपली असल्यामुळे बाटल्या घेऊन उभे असलेले स्वयंसेवक माझ्या डाव्या हाताला होते. उजवा हात छातीवरून आडवा नेऊन बाटली घेण्याच्या प्रयत्नात हँडल वळले, बाटली स्वयंसेवकाच्या हातातून उडाली आणि मी पडता पडता वाचले. बिचारा कॉलेजचा मुलगा होता. "सॉरी मॅडम" तोच म्हणाला. पुढच्या केंद्रावर मी घाबरून हात पुढेच केला नाही, त्याच्या पुढच्या केंद्रावर अखेर पाय टेकून उभी राहिले आणि जवळजवळ अख्खी बाटली एका दमात प्यायले. धावण्याच्या चौथ्या किलोमीटरला पोटात कळा सुरू झाल्या, आणि उरलेले अंतर मी बहुतांशी चालतच काढले. साडेआठ तासांच्या मर्यादेत पोचले, एवढेच. सकाळपासून लघवीला गेले नव्हते, ती संध्याकाळी सहानंतर झाली, तीही गडद पिवळी. पदकापेक्षा ही गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली आणि अजूनही वाटते.

ट्रायथलॉनमध्ये खायला-प्यायला खरी जागा सायकलच्याच टप्प्यात असते. पोहताना ते शक्य नसते. धावताना प्रत्येक पावलागणिक पोट हिंदकळते आणि घेतलेला घोट पचण्याऐवजी डुचमळत राहतो. सायकलवर धड तुलनेने स्थिर असते, हात मोकळा करता येतो, सामान वाहायला सायकल असते, आणि माझ्यासारखीला तिथे साडेतीन-पावणेचार तास मिळतात. पुढे धावताना जे खर्च होणार त्याची बरीचशी भरती इथेच करावी लागते. स्नायू आणि यकृत मिळून शरीरात साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, असतो. सहा-सात तासांच्या श्रमाला तो पुरत नाही. चरबी अंगावर कितीही असली तरी ती मंद जळते, आणि साखर संपली की पाय तर थांबतातच, पण डोकेही चिडचिडे आणि मठ्ठ होते.

मग तासाला किती साखर घ्यायची? ग्लुकोज आतड्याच्या भिंतीतून रक्तात नेणारे वाहक तासाला सुमारे ६० ग्रॅमपर्यंतच काम करतात. त्याहून जास्त ग्लुकोज घेतले तर ते रांगेत उभे राहते आणि पोट बिघडते. फ्रुक्टोजची वाट वेगळी आहे, त्यामुळे दोन्ही एकत्र घेतले तर सराव केलेले खेळाडू तासाला ९० ग्रॅमपर्यंत, काही जण त्याहूनही पुढे जातात. आपली रोजची साखर म्हणजे निम्मे ग्लुकोज आणि निम्मे फ्रुक्टोजच असते. महागड्या पाकिटांवर ज्या दोन वाटांचे कौतुक छापलेले असते, त्या स्वयंपाकघरातल्या डब्यातही असतात. मी माझ्यासाठी तासाला ६० ग्रॅम हे ध्येय ठरवले. माझा वेग बघता तेवढे पुरेसे होते, आणि त्याहून जास्त पचवण्याची हौस पहिल्या वर्षी फिटली होती.

पाण्याचा आकडा मात्र कोणत्याही तक्त्यात मिळत नाही, तो ज्याचा त्यालाच काढावा लागतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये, ऊन चांगलेच तापू लागल्यावर, मी सायकलवर बसण्यापूर्वी कमीत कमी कपड्यांत वजन केले, दीड तास स्पर्धेच्या वेगाने सायकल चालवली, मोजून अर्धा लिटर पाणी प्यायले आणि परत आल्यावर अंग पुसून पुन्हा वजन केले. १.३ किलो कमी भरले. प्यायलेले अर्धा लिटर त्यात मिळवले तर दीड तासात १.८ लिटर, म्हणजे तासाला १.२ लिटर घाम. एवढे पाणी सायकल चालवताना पोटात मावत नाही आणि सगळे भरून काढण्याची गरजही नसते. मी तासाला पाऊण लिटर ठरवले आणि थोडी तूट मान्य केली. उलट टोकही तेवढेच धोक्याचे असते, कारण घामापेक्षा जास्त साधे पाणी पीत राहिले तर रक्तातले सोडियम विरळ होते आणि माणूस थेट रुग्णालयात पोचू शकतो.

सोडियमवरून ओआरएसकडे येते, कारण आमच्या सायकल गटात त्याच्याविषयी मोठा गैरसमज होता. "ओआरएस प्यायलो की ताकद येते" असे सगळेच म्हणायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर ओआरएसमध्ये ग्लुकोज अवघे १३.५ ग्रॅम असते. म्हणजे तासाला पाऊण लिटर प्यायले तरी मिळणारी साखर दोन चमचे चहाच्या साखरेइतकीच. त्याच्यात भरपूर असते ते मीठ, आणि घामाने ओथंबणाऱ्या माणसाला ते हवेही असते. पण ओआरएस हे जेवण नव्हे. ओआरएसच्या शेजारी मांडलेली रंगीत गोड पेये हा आणखी निराळा प्रकार. तिथे पाकिटाची मागची बाजू वाचल्याशिवाय विकत घेऊ नये.

खाण्याच्या पदार्थांचे प्रयोग हा या सगळ्यातला सर्वांत मजेशीर आणि सर्वांत लांबलेला भाग. जेल मला पहिल्यापासूनच नकोशी वाटत होती, त्यामुळे घरातल्या डब्यांकडे वळले. राजगिऱ्याचा लाडू पहिल्याच रविवारी बाद झाला, कारण धापा टाकताना त्याचा कोरडा भुगा घशात जातो आणि खोकता खोकता सायकल आवरणे कठीण होते. शेंगदाण्याची चिक्की चावायला वेळ लागतो, दाण्यांतली चरबी जठरात रेंगाळते, आणि दातांत अडकलेला तुकडा पुढचा तासभर डोक्यात बसतो. खजूर चांगले, पण बी काढून, बारीक चिरून घेतले तरच. मे महिन्यात मात्र त्यांचा पिशवीत एकच गोळा झाला. कोल्हापूरकर असल्यामुळे गुळाच्या खड्यावर माझी फार भिस्त होती. तोंडात धरून चघळायला तो छान लागतो, पण किती ग्रॅम गेला याचा हिशेब लागत नाही, आणि घामाच्या हाताला लागला की ब्रेकपर्यंत सगळे चिकट होते. केळे उत्तम, मध्यम आकाराच्या एका केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास साखर-पिष्ट मिळते. फक्त चालत्या सायकलवर ते सोलणे ही वेगळी विद्या आहे. मी केळे आधीच वरून थोडे चिरून ठेवते आणि उरलेले काम दातांवर सोपवते. उकडलेले छोटे बटाटे मीठ लावून नेले, ते तिसऱ्या तासाला अमृतासारखे लागले, कारण तोपर्यंत गोडाचा उबग आलेला असतो.

शेवटी जिंकली ती आंबापोळी. माझे माहेर देवगड तालुक्यातले, आई दर मे महिन्यात रस वाळवून पोळ्या घालते. त्यांच्या बोटाएवढ्या पट्ट्या कापून बटर पेपरमध्ये एकेक गुंडाळल्या, तर एका हाताने काढता येतात, भुगा पडत नाही, तोंडात आपोआप विरघळतात आणि आंबटपणामुळे लाळ सुटते. आईला फोनवर सांगितले तेव्हा ती म्हणाली, "गो, ही बसान खावची वस्तू, सायकलीर कित्याक?" पण तिने त्या वर्षी चार पोळ्या जास्त घातल्या.

जून-जुलैपर्यंत माझे सूत्र पक्के झाले. साडेतीन तासांसाठी सुमारे २१० ग्रॅम हवे होते. त्यांतले १५० ग्रॅम मी एकाच पाऊण लिटरच्या बाटलीत बसवले: १०० ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन, ५० ग्रॅम फ्रुक्टोज, अर्धा चमचा मीठ आणि एका लिंबाचा रस. माल्टोडेक्स्ट्रिन हे ग्लुकोजचेच साखळीरूप, पण फारसे गोड नसल्यामुळे एवढे दाट करूनही पिववते. तेवढीच साखर घातली असती तर पाक झाला असता. वाचणाऱ्याला वाटेल, ही तर पहिल्या वर्षाचीच चूक. फरक असा, की ही बाटली प्यायची नसते, चाखायची असते: दर वेळी एक घोट तिचा आणि मागून दोन-तीन घोट साध्या पाण्याचे. साडेतीन तासांत एकूण अडीच लिटरच्या वर द्रव पोटात जातो, तेव्हा ते मिश्रण आत जाऊन आपोआप बेताचे होते. दुसऱ्या बाटलीत ओआरएस, हँडलवरच्या एअरोबारांच्या, म्हणजे पुढे वाकून कोपर टेकवायच्या दांड्यांच्या, मध्ये नळीची बाटली साध्या पाण्याची, आणि दांडीवरच्या छोट्या पिशवीत आंबापोळीच्या दहा-बारा पट्ट्या व दोन बटाटे. पाणी वाटेत केंद्रांवर भरून घ्यायचे.

पण भरून घ्यायचे म्हणजे डाव्या हाताने घ्यायचे, आणि तो हात तर जन्मात कधी कामाला लावला नव्हता. त्याचा सराव आम्ही कळ्याच्या पुढे, गगनबावडा रस्त्याच्या एका सरळ आणि निर्धास्त तुकड्यावर केला. पुतण्याला उसाच्या फडाच्या कडेला बाटली देऊन उभे केले. पहिल्या दिवशी वीसपैकी अकरा बाटल्या पडल्या. हळूहळू कळत गेले, की वेग ताशी पंधरा-सोळापर्यंत आणायचा, पाय मारणे थांबवायचे, उजवा हात हँडलच्या मधल्या भागावर पक्का ठेवायचा, नजर स्वयंसेवकाच्या चेहऱ्यावर नव्हे तर बाटलीवर ठेवायची, आणि बाटली पकडायला जायचे नाही, तर हात किंचित मागे नेत ती आपल्या तळव्यात येऊ द्यायची, जसा क्रिकेटमध्ये झेल घेताना हात मागे घेतात. पुतण्यानेही एक गोष्ट शोधली: देणाऱ्याने बाटली तळाशी धरून उभी ठेवली आणि दोन पावले सायकलच्या दिशेनेच धावला, तर धक्का निम्म्यावर येतो. एका सकाळी म्हशी घेऊन निघालेले एक आजोबा हा खेळ बराच वेळ बघत उभे राहिले आणि शेवटी न राहवून म्हणाले, "वहिनी, थांबून प्या की! पाणी काय पळून चाललंय व्हय?" त्या क्षणी माझ्याकडे या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

त्यांच्या प्रश्नाचा एक वेगळाच पैलू ऑगस्टमध्ये एका छोट्या स्थानिक स्पर्धेत समोर आला. तिथे दुकानात मिळते तशी पातळ प्लॅस्टिकची बाटली हातात आली. ती केजमध्ये घट्ट बसत नाही, दाबली की चेपते, आणि तिचे झाकण एका हाताने उघडत नाही. मी दातांनी झाकण काढले, निम्मे पाणी गुडघ्यांवर सांडले आणि उरलेले समोरच्या बाटलीत ओतले. तेव्हापासून केंद्र दिसले की मी आधी समोरच्या बाटलीचे झाकण उघडते, पाणी हातात आले की तिथल्या तिथे ओतते आणि रिकामी बाटली केंद्राच्या हद्दीतच टाकते. कचरा इतरत्र टाकला तर दंड होतो, आणि केंद्राबाहेर घरच्या माणसाकडून काही घेतले तर तीही नियमाबाहेरची मदत ठरते, त्यामुळे पुतण्याची सेवा गगनबावडा रस्त्यापुरतीच होती. आंबापोळीचे कागद मी जर्सीच्या मागच्या खिशात कोंबते. पन्हाळ्याच्या चढावर सायकलवाल्यांनी फेकलेली जेलची पाकिटे दिसतात, तेव्हा त्यांना पकडून परत चढ चढायला लावावे असे मनात येते.

८ ऑक्टोबर २०२३ ला दुसऱ्यांदा मिरामारला उभी राहिले. ऑक्टोबरची उष्णता आणि समुद्रकाठची दमट हवा, म्हणजे घाम अंगावरच राहतो, वाळत नाही आणि थंडावाही देत नाही. सायकल आदल्या दिवशीच जागेवर लावायची असल्यामुळे बाटल्या मात्र पहाटे न्यायच्या होत्या. ओआरएसची बाटली मी रात्री हॉटेलच्या फ्रीजरमध्ये ठेवली होती. ती निम्मी बर्फ होऊन बाहेर आली आणि दीड तासानंतरही गार लागली. पहाटे साडेतीनला पांढरा पाव, जॅम आणि चहा घेतला. पोहे मला कितीही आवडत असले तरी त्या वेळी शेंगदाणे आणि तेल पोटात नको होते.

पाण्यातून बाहेर आल्यावर पहिली दहा मिनिटे फक्त पाण्याने चूळ भरली आणि छोटे घोट घेतले, जेणेकरून तोंडातला खारटपणा जाऊन पोट निवावे. मग सायकलवरच्या छोट्या संगणकाची शिट्टी सुरू झाली. ती मी दर पंधरा मिनिटांनी वाजेल अशी लावली होती. एका शिट्टीला दाट बाटलीचा घोट आणि पाणी, पुढच्या शिट्टीला आंबापोळी आणि ओआरएस. चढ असेल तर शिट्टी तेवढ्यापुरती दुर्लक्षायची, कारण धापा टाकत असताना तोंड भरले की दोन्हींचा विचका होतो. उतारावर दोन्ही हात ब्रेकवर हवेत, तेव्हा तिथेही नाही. सपाट रस्ता आला की गिअर हलका करून उधारी फेडायची. तहान आणि भूक यांना मी विचारायचेच सोडून दिले होते.

केंद्रांवर तीनदा पाणी घेतले आणि तीनही बाटल्या हातात आल्या. पहिल्या वेळी दुरूनच "पाणी! पाणी!" असे ओरडले आणि रांगेतल्या एका मुलीकडे बोट दाखवले, म्हणजे कोणाकडून घेणार हे तिलाही कळते आणि शेजारच्यालाही. मागच्यांना गोंधळ होऊ नये म्हणून आधी नीट मागे वळून पाहिले. तिसऱ्या वेळी तर एक बाटली ओतून झाल्यावर दुसरी घेऊन डोक्यावरच्या हेल्मेटच्या फटींतून ओतली, त्याचे सुख शब्दांत सांगता येणार नाही. एक बटाटा मात्र हातातून निसटला आणि एका वळणावर घरंगळत गेला. मागून येणाऱ्या गृहस्थांना तो दिसला असावा, कारण पुढे जाताना ते "मॅडम, बटाटा?" असे म्हणून हसत निघून गेले.

शेवटची वीस मिनिटे चावायचे काही घेतले नाही, फक्त ओआरएसचे छोटे घोट घेतले, म्हणजे धावायला उतरताना जठर बरेचसे मोकळे असेल. सायकल जागेवर लावताना बाटल्या पाहिल्या: दाट बाटलीत तळाला दोन बोटे उरली होती, ओआरएस संपले होते. धावायला लागले तेव्हा चौथ्या किलोमीटरची वाट मी श्वास रोखून पाहत होते. तो आला, पाचवा आला, पोट गप्प होते. ऊन मात्र गप्प नव्हते, आणि पंधराव्या किलोमीटरनंतर पाय दुखू लागले. पण ते दुखणे पायांचे होते. दुपारी, शर्यत संपून तासाभराच्या आतच, मी शौचालयाच्या रांगेत उभी होते आणि त्याचा मला इतका आनंद झाला, की रांगेतल्या बाईंना मी ते सांगूनही टाकले.

संध्याकाळी सायकल घेऊन हॉटेलवर आलो तेव्हा पुतण्याने दांडीवरची पिशवी उघडली. तिच्यात आंबापोळीच्या तीन पट्ट्या शिल्लक होत्या, उन्हाने मऊ झालेल्या आणि कागदाला चिकटलेल्या. त्याने त्या पलंगावर मांडी घालून, सावकाश, कागद चाटून संपवल्या आणि देवगडच्या आजीला फोन लावला.